नंदीध्वजांच्या वाटेने: जुन्या सोलापुरात कशाने जावे, कशाने फिरावे

जुने सोलापूर पाहायला वाहन लागते ते जुन्या गावाच्या एका टोकाच्या बाळीवेशीपर्यंत पोचायला आणि शेवटी पार्क चौकातून परत निघायला. मधले सगळे पायी. बाहेरगावचे बहुतेक पाहुणे नेमके उलटे करतात. स्टेशनवर दिवसभरासाठी रिक्षा ठरवतात, किल्ल्याच्या दाराशी उतरतात, अर्ध्या तासात बाहेर येतात, तळ्याला वळसा घालून सिद्धेश्वराचे दर्शन घेतात, नवी पेठेत दोन चादरी घेतात आणि 'सोलापुरात पाहायला फार काही नाही' म्हणत गाडीत बसतात. रिक्षा त्यातला निम्मा वेळ झाडाखाली उभी असते. पैसे मात्र पुऱ्या दिवसाचे.

भुईकोट किल्ला, सिद्धेश्वर तळे व मंदिर, होम मैदान, पार्क चौक आणि चार हुतात्म्यांचे पुतळे हे सगळे एका टोकाला एकमेकांना लागून आहे. दुसऱ्या टोकाला उत्तर कसबा आणि बाळीवेस. दोन्हींमध्ये जेमतेम दोन किलोमीटरचे अंतर, पण त्या दोन किलोमीटरांत जुने गाव आहे. ते रिक्षातून दिसत नाही, कारण रिक्षावाला गर्दी टाळून बाहेरच्या रस्त्याने नेतो. त्याचे चुकत नाही. आतल्या गल्ल्यांत समोरून एक हातगाडी आली तरी पाच मिनिटे जातात.

आधी गावापर्यंत यायचे कसे ते पाहू. सोलापूरला रेल्वे आली १८६० मध्ये, आणि मुंबई-चेन्नई मार्गावर असल्याने गाड्यांना आजही तोटा नाही. अडचण आहे ती वेळांची. सोलापूरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चांगल्या गाड्या सोलापूरकरांच्या सोयीने लावलेल्या आहेत, पाहुण्यांच्या नव्हे. हुतात्मा एक्सप्रेस पहाटे साडेसहाला सोलापूर सोडते आणि संध्याकाळी सहाला पुण्याहून परत निघते. १० फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली वंदे भारतही तशीच. सकाळी सहाच्या सुमारास ती मुंबईकडे जाते आणि दुपारी चारच्या सुमारास मुंबईहून निघून रात्री साडेदहानंतर सोलापुरात येते. मंत्रालयात किंवा पुण्याच्या दवाखान्यात काम असलेल्या सोलापूरकराला यापेक्षा चांगले काय हवे? पण पुण्या-मुंबईच्या माणसाला या गाड्यांनी एका दिवसात सोलापूर पाहून परत जाता येत नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास पुण्याहून निघणारी इंटरसिटी दीड-पावणेदोनला सोलापुरात टेकते आणि थोड्याच वेळात परत फिरते, म्हणजे तीही त्या दिवसापुरती बाद.

पुणेकरांसाठी यातून निघणारी वाट अशी. संध्याकाळच्या हुतात्माने या, दहाच्या सुमारास उतरा, स्टेशनजवळच्या एखाद्या लॉजवर रात्र काढा, सकाळी साडेसहाला फिरायला निघा आणि दुपारी दोनच्या सुमाराच्या इंटरसिटीने परत जा. उन्हाची वेळ गाडीत जाते, हा फायदा वेगळाच. मुंबई, ठाणे, कल्याणच्या लोकांना सिद्धेश्वर एक्सप्रेसला पर्याय नाही. रात्री साडेदहानंतर मुंबई सोडते, सकाळी साडेसहा-सातला सोलापूर, आणि परतीची गाडीही रात्री साडेदहानंतरच. मध्ये पुरा दिवस हाती राहतो, लॉजचा खर्च वाचतो आणि दोन्हीकडे गाडी मुळातूनच सुटत असल्याने चढताना धावपळ नसते. तिकीट मात्र आधी काढा. शुक्रवार-रविवारी ही गाडी ऐनवेळी मिळेल, या भरवशावर राहू नये. वेळा अधूनमधून पाच-दहा मिनिटांनी सरकतात, म्हणून तिकीट काढताना त्या दिवसाची वेळ पाहा. वंदे भारत आठवड्यातून सहाच दिवस धावते, तेही पाहून घ्या.

दिवसभर फिरायचे तर ओझे स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवता येते. अट इतकीच की बॅगेला कुलूप हवे आणि हातात तिकीट हवे. चेनला कुलूप न लागणारी पाठपिशवी तिथे परत पाठवतात, त्यामुळे छोटे कुलूप घरूनच आणावे.

एसटीचा मुद्दा वेगळा आहे. पुण्याहून सुमारे २५० किलोमीटर, पाच तास धरून चालावे. स्वारगेटहून बसा किंवा हडपसरला उभे राहा, सोलापूरकडे जाणारी प्रत्येक गाडी तिथून जातेच. दोघींसाठी किंवा घरातल्या म्हाताऱ्यांसाठी एसटी स्वस्त पडते. महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे तिकीट आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत प्रवास आहे, वयाचा पुरावा तेवढा जवळ ठेवावा. दुसरी गोष्ट कमी लोक लक्षात घेतात. छत्रपती शिवाजी चौकाजवळचा एसटी स्टँड बाळीवेशीला स्टेशनपेक्षा जवळ आहे. किलोमीटर-दीड किलोमीटर. हातात पिशवी असेल तर रिक्षाचीही गरज नाही. लातूर, धाराशिव, तुळजापूर, पंढरपूर, अक्कलकोट या बाजूंनी येणाऱ्यांनी रेल्वेचा विचारच करू नये. अक्कलकोटचा तर खास सापळा आहे. 'अक्कलकोट रोड' हे स्टेशन गावापासून दहा-अकरा किलोमीटर लांब आहे. तिथे उतरून पुन्हा वाहन शोधण्यापेक्षा अक्कलकोट स्टँडवरून सरळ सोलापूरची एसटी धरलेली बरी.

स्वतःची गाडी आणणाऱ्यांना पुणे-सोलापूर महामार्गावर पाटस, सरडेवाडी, वरवडे आणि सावळेश्वर असे चार टोलनाके लागतात. रस्ता चांगला, गाव येईपर्यंत त्रास नाही. पुणे नाक्यावरून शिवाजी चौकात आलात की गाडी मेकॅनिक चौक, सरस्वती चौकावरून पार्क चौकाकडे न्या आणि किल्ला-होम मैदानाच्या बाजूला जागा पाहून ती दिवसभरासाठी विसरून जा. नवी पेठेत चारचाकी घालू नका. तिथे दुचाकीला जागा मिळवायला सोलापूरकराला घाम फुटतो. कसब्यात, माणिक चौकात किंवा चाटी गल्लीत कार नेणे म्हणजे स्वतःचा आणि गल्लीचाही दिवस खराब करणे. पार्क चौकातून बाळीवेशीला रिक्षा करा आणि तिथून गाडीकडे चालत या.

विमानाचे थोडक्यात. होटगी रोडच्या विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली. त्यासाठी साखर कारखान्याची ९२ मीटर उंच चिमणी १५ जून २०२३ रोजी पाडली गेली, आणि त्यावरचा वाद चहाच्या टपरीवर अजून संपलेला नाही. विमानतळ ते किल्ला सात-आठ किलोमीटर. तिथून स्पेशल रिक्षा किंवा गाडीच करावी लागते, शेअर रिक्षासाठी मुख्य रस्त्यावर यावे लागते.

आता रिक्षा. सोलापुरात रिक्षाचे दोन प्रकार चालतात, 'स्पेशल' म्हणजे पुरी रिक्षा आपली आणि 'सीट' म्हणजे शेअर रिक्षातली एक जागा. मीटर गाडीत असतो, पण व्यवहार बहुधा बोलीवरच होतो. नवख्या माणसाची फसगत दराने होत नाही, शब्दाने होते. रिकामी रिक्षा थांबली, तुम्ही नुसते ठिकाण सांगून बसलात आणि वाटेत दुसरे कोणी चढले नाही, तर उतरताना तो स्पेशलचे पैसे मागतो. त्याच्या हिशेबाने ते बरोबरच असते. म्हणून पाय आत टाकण्यापूर्वी विचारायचे, "ओ मामा, सीटनं जायचंय, सीट किती?" स्पेशल हवी असेल तर तसे स्पष्ट बोलून आकडा पक्का करायचा, आणि तो एकट्याचा की सगळ्यांचा हेही विचारायचे. पुण्या-मुंबईचे मीटरचे भाडे सांगून घासाघीस करू नये, त्याने भाडे उतरत नाही, फक्त आवाज चढतात.

स्टेशनच्या दारातच उभ्या असलेल्या रिक्षा स्पेशलवाल्या. शेअर रिक्षा हवी तर आवाराबाहेर मुख्य रस्त्यावर यावे. शेअर रिक्षा मोठ्या रस्त्यांनीच धावतात: स्टेशन, एसटी स्टँड, सात रस्ता, विजापूर नाका, अशोक चौक असे. कसब्याच्या आत ती वळत नाही, जवळच्या चौकात सोडते. परवाना तीन प्रवाशांचा. चौथा म्हणून ड्रायव्हरशेजारी अर्ध्या सीटवर बसायला सांगितले तर सरळ नाही म्हणा आणि पुढची घ्या, मिनिटा-दोन मिनिटांत येते. हे दिवसा. रात्री दहानंतर, म्हणजे नेमके हुतात्मा आणि वंदे भारत येतात तेव्हा, सीटच्या रिक्षा विरळ होतात आणि स्पेशलचा आकडा वाढतो. अशा वेळी चालत जाण्याइतक्या अंतरावरचा लॉज आधीच ठरवलेला असेल तर हा सगळा प्रसंगच टळतो.

पत्ता सांगण्याचीही इथे रीत आहे. रस्त्यांची पाटीवरची नावे कोणी वापरत नाही. वेस, चौक, मारुती, गणपती यांवर सोलापूर चालते. तुळजापूर वेस तुळजापूरच्या दिशेला, विजापूर वेस विजापूरच्या दिशेला, इतके ध्यानात ठेवले तरी गावाचा निम्मा नकाशा डोक्यात बसतो. आणि नुसते 'सिद्धेश्वर' असे कधीही सांगू नका. सिद्धेश्वर नावाची पेठ आहे, बाजार समिती आहे, साखर कारखाना आहे, रेल्वेगाडी आहे. 'सिद्धेश्वर मंदिर' असे पुरते म्हणा. किल्ल्याला जायचे तर 'पार्क चौक' सांगितलेले जास्त पक्के.

सिटी बसने पैसे वाचतात, वेळ वाचत नाही. गाड्या कमी आहेत. समोर आली आणि पाटीवर आपले ठिकाण असेल तर जरूर चढा, तिची वाट पाहत थांब्यावर उभे राहण्यात अर्थ नाही.

आता पायी. सोलापूरची जुनी वाट शोधण्यासाठी वेगळ्या नकाशाची गरज नाही, दर संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, ज्या रस्त्याने जातात तीच ती. उत्तर कसब्यातला हिरेहब्बू वाडा, मग बाळीवेस, दाते गणपती, दत्त चौक, सोन्या मारुती, माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा आणि सिद्धेश्वर मंदिर. या क्रमाने नावे विचारत गेलात तर कोणीही पुढचा चौक दाखवतो, मराठीत नाही तर कन्नडमध्ये किंवा तेलुगूत. मोबाइलचा नकाशा मात्र तुम्हाला मोठ्या रस्त्यावर काढायला बघेल, त्याचे ऐकू नका.

सकाळी साडेसहा-सातला बाळीवेशीला उतरा. दुकानांच्या फळ्या उघडलेल्या नसतात, त्यामुळे जुन्या घरांचे दगडी जोते, लाकडी खांब आणि माळवदाच्या कडा नीट दिसतात. दहानंतर हे सगळे फलक आणि मालाच्या ढिगांआड जाते. बाळीवेशीतले मल्लिकार्जुन मंदिर वाटेतच आहे. हिरेहब्बू वाडा हे नंदीध्वजांच्या मानकऱ्यांचे घर आहे, संग्रहालय नव्हे. बाहेरून पाहावे आणि आत जायचे तर विचारूनच. माणिक चौकाशी शुक्रवार पेठेतला आजोबा गणपती आहे. हा सार्वजनिक गणपती १८८५ पासूनचा, म्हणजे पुण्यातल्या सार्वजनिक उत्सवाआधीचा, असे सोलापूरकर आवर्जून सांगतात आणि ऐकून घेतल्याशिवाय सोडत नाहीत.

कापड घ्यायचे असेल तर मधल्या मारुतीकडे वळून चाटी गल्ली गाठावी, पण ते फिरणे संपल्यावर. दुकाने उशिरा उघडतात आणि दोन चादरींचे ओझे घेऊन किल्ल्याच्या तटावर चढणे ही शिक्षा आहे.

विजापूर वेस, पंचकट्टा ओलांडून मंदिराशी पोचायला रमतगमत सव्वा ते दीड तास लागतो. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी तळे खोदवले आणि गावात ६८ लिंगे स्थापली, अशी परंपरा. तळ्याच्या मधोमध मंदिर, चहूबाजूंनी पाणी. दर्शन, प्रदक्षिणा आणि यात्रेतला अक्षता सोहळा जिथे होतो तो संमती कट्टा यांना पाऊण तास द्या. श्रावणी सोमवारी तो दोन तासांवर जातो. ज्यांना सगळी ६८ लिंगे पाहायची आहेत त्यांच्यासाठी पायी चालण्याचा सल्ला बाद. ती शहरभर विखुरलेली आहेत आणि इथे मात्र दिवसभराची रिक्षा वसूल होते. रिक्षावाला ६८ लिंगांचा माहितगार आहे का, एवढे विचारून घ्या. नसेल तर अर्धा दिवस पत्ते विचारण्यात जाईल.

मंदिरातून किल्ला समोर दिसतो आणि लोकांना वाटते, मधून वाट असेल. नाही. मध्ये तळे आणि खंदक आहे. बाहेर येऊन होम मैदानाच्या बाजूने रस्त्याने जावे लागते, दहा-पंधरा मिनिटे. किल्ला बहमनी काळातला, दुहेरी तटाचा, भुईकोट. १८१८ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांनी घेतला. बांधकामात जुन्या मंदिरांचे कोरीव दगड आणि खांब बसवलेले दिसतात, ते पाहायला निवांत चालावे लागते. दीड तास धरा. तटावर सावली नाही, पाणी बरोबर ठेवा. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा अकरापूर्वी तटावरून उतरलेले असावे हा नियमच करा. उन्हाळ्यात मंदिर आणि किल्ला यांचा क्रम उलटा करून आधी किल्ला पाहिला तरी चालेल, पण मग बाळीवेशीची सकाळ हातची जाते. दोन्ही हवे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

गुडघेदुखीवाल्यांनी आणि लहान मुले बरोबर असणाऱ्यांनी पंचकट्ट्यापर्यंत रिक्षाने येऊन पुढचेच चालावे. मंदिराला सपाट वाट आहे, किल्ल्यात मात्र पायऱ्या उंच-सखल आहेत आणि कठड्याविना कडा आहेत. मुलांचा हात सोडू नये.

किल्ल्यालगत हुतात्मा बाग, तिथून पार्क चौक आणि चार पुतळे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० मध्ये सोलापुरात इंग्रजांनी लावलेल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना फाशी झाली. संध्याकाळच्या गाडीला हुतात्मा हे नाव त्यांचेच, हे डब्यात बसलेल्या किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. पुढे महापालिकेची इंद्रभुवन इमारत, अप्पासाहेब वारदांनी बांधलेली. तिच्या दर्शनी भागावरचे काम रस्त्यावरून पाहता येते, त्यासाठी दहा मिनिटे पुरतात. डॉ. कोटणीस यांचे स्मारक भैय्या चौकात आहे. ते चालत जोडण्यापेक्षा परतीच्या रिक्षाला तिथे थांबायला सांगावे, आणि हे थांबणे भाडे ठरवतानाच सांगावे. पार्क चौकातून स्टेशन दोन किलोमीटरच्या आत आणि सीटची रिक्षा इथून सहज मिळते.

वर्षातले काही दिवस असे असतात की वरचे सगळे गणित बदलते. संक्रांतीच्या आगेमागे गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत ही वाट गाड्यांना बंद होते आणि होम मैदानावर पाळणे-दुकाने लागल्याने तिथली जागा पुढे बरेच दिवस मिळत नाही. यात्रा पाहायलाच यायचे असेल तर उत्तम, पण मुक्काम स्टेशनच्या बाजूला ठेवा आणि चालण्याची तयारी ठेवा. शांतपणे किल्ला पाहायचा असेल तर ते दिवस टाळा. १४ एप्रिल आणि अनंत चतुर्दशीला मिरवणुकांमुळे संध्याकाळी शहराच्या मध्यातून रिक्षा निघत नाही, गाडी पकडायची असेल तर दुपारीच स्टेशन गाठा. आषाढीच्या आठवड्यात एसटी गाड्या पंढरपूरकडे वळवलेल्या असतात, नेहमीची फेरी रद्द झालेली असू शकते. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरून जातो, त्या रात्री तुळजापूर रस्त्याने वाहनाने जाण्याचा बेत करू नये.

दुसरा दिवस असेल तर तुळजापूर ४५ किलोमीटर, अक्कलकोट ४० च्या आत, दोन्हीकडे एसटी ठरावीक अंतराने सुटतात, गाडी करण्याची गरज नाही. हत्तरसंग कुडलला मात्र स्वतःचे वाहन किंवा ठरवलेली गाडीच लागते. भीमा-सीनेच्या संगमावरच्या त्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. अंतर चाळीसेक किलोमीटर, शेवटचा टप्पा गावरस्त्याचा. एसटीने गेलात तर परतीची गाडी चुकण्याचा धोका मोठा आहे. गाडी ठरवताना जाण्या-येण्याचे भाडे आणि तिथला दोन तासांचा थांबा एकत्र बोलून घ्या, आणि जेवण सोलापुरातूनच बांधून न्या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी दिवसभर टिकते.